पिवळ्याच्या आत हिरवं

नाव रंजना किरण हिलम, वय ४३, धंदा शिवणकाम, राहणार भुशी, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे.

आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, माझी आई सावित्राबाई कोंडू पवार, वय ७४, दुपारपासून बेपत्ता आहे. ती माझ्याकडेच राहते. तीन वर्षांपासून तिला माणसे ओळखू येत नाहीत, माझे तोंडही नाही. म्हणून मी रोज हिरवी साडी नेसते. हिरवे दिसले की ती "रंजे, हाय का?" म्हणते आणि पदर धरून मागे येते.

धरणाच्या अलीकडच्या मैदानात आज मुंबईच्या एका चित्रकाराचा कार्यक्रम होता. त्यांचे लय मोठे नाव आहे म्हणतात. त्यांचे चित्र भिंतीवर नसते. लोकांनी रंगीत झगा घालून फिरायचे आणि वाटेत अनोळखी माणसाशी बदलायचा, तेच चित्र. ते साठ झगे मी शिवले, घोट्यापर्यंतचे. त्यात हिरवा एकच. काम दाखवायला मी आईला अकरा वाजता घेऊन गेले.

मी हिरवा झगा घातला, आईला निळा घातला. आई माझ्या झग्याची कड धरून चालत होती, खूश होती. सव्वाबाराला एक मुलगी समोर हात पुढे करून उभी राहिली. मी नको म्हणाले. चित्रकार स्वतः आले. "ताई, रंग एकाच अंगावर राहिला तर चित्र थांबतं. द्या." सगळे बघत होते, मला भीड पडली. माझीच अक्कल शेण खायला गेली होती. हिरवा त्या मुलीला दिला, तिचा पिवळा झगा डोक्यातून घालून बघते, तर आई नाही.

मी हाका मारत फिरले. "कार्यक्रम थांबवा" म्हटले तर चित्रकार म्हणाले, "आजी रमल्या असतील." धरणाकडचे फाटक उघडे होते. आई माझ्यासमोरून गेलीही असेल. मी पिवळी होते. आत माझी हिरवीच साडी होती. झगा काढावा हे मला एक तासाने सुचले.

नंतर तिथल्या फोटोवाल्या अपेक्षाने फोटो दाखवले. हिरवा झगा पाच जणांच्या अंगावर फिरला. पाचही जणांच्या मागे आई, कड धरून, माझ्याकडे हसते तशी हसत. एक वाजून पाच मिनिटांच्या फोटोत झगा तिच्याच अंगावर आहे. कुणीतरी तिच्याशीही बदलला. ती फाटकाजवळ एकटी आहे, हात पुढे केलेला, धरायला काही नाही. त्यानंतरचा फोटो नाही. पाच वाजेपर्यंत धरण, पायऱ्या, रस्ता सगळे पालथे घातले.

तिला नावाने हाक मारू नका, तिला नाव लागत नाही. शोधायला जाणाऱ्या बायांनी हिरवे नेसावे. मला हितं बसवू नका, फाटकाशी उभी करा, मी तुमच्या पाया पडते.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. वाचेपर्यंत सहा वाजले, दिवस मावळला. साहेब, अंधारात हिरवं दिसत न्हाई.