लाल लुगड्याचा फटकारा

आयुष्यात माझ्या हातून एकच चित्र चांगलं उतरलं होतं, आणि तेही मीच बिघडवलं. ऐका.

तेव्हा मी नंदुरबारला ड्रॉइंग मास्तर होतो. धाकटी बहीण राधी सुरतेकडे दिलेली. तीन वर्षं सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं नव्हतं. मीच जाऊन भेटून आलो, आणि येताना तिकडच्या समुद्राचं जलरंगात एक चित्र करून आणलं. ओल्या कागदावर पाणी, वाळू, आभाळ, सगळं भराभर सोडलेलं. रेघ कुठेच नाही. वाळूवर बोटाएवढा लाल फटकारा मारला होता, ती कोणीतरी बाई.

घरी माय चित्राकडे बघून म्हणाली, "हाई मन्ही राधी शे ना?"

ती खरं तर कुणीच नव्हती. पण मी हो म्हटलं. मायनं भाकरी थापताना समोर दिसेल असं ते भिंतीला लावून घेतलं.

एक दिवस शेजारचे दगाभाऊ आले आणि हसायलाच लागले. "मास्तर, बाईले तोंडच नही शे का?"

मला झोंबलं. तिथल्या तिथे बारीक ब्रश घेतला आणि राधीचं नाक, डोळे, कपाळावरचं कुंकूसुद्धा काढलं. दगाभाऊ म्हणाले, "आते कसं, राधीच!"

मी मायला हाक मारली. पिठाचे हात तसेच घेऊन ती आली. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"भाऊ," ती म्हणाली, "इतला दिन ती चालत घर यी ऱ्हायनी व्हती. तू तिले तठेच उभी करी टाकं."