जोडसायकल आणि नवरा, दोन्ही जागेवर नसल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा पडदे व गाद्यांच्या खोळी शिवणे, राहणार घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरचा दुसरा मजला, स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती राहतो. पती बसचालक होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यामुळे त्यांना मुदतीआधीच नोकरी सोडावी लागली. सध्या माझी नणंद, म्हणजे पतींची धाकटी बहीण, आमच्याकडे राहायला आली आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, असे लिहून घ्यावे.

आमच्या मालकीची एक जोडसायकल आहे. एकाच सांगाड्यावर दोन सीट, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या आणि चाके मात्र दोनच. पुढे बसणारा वळवतो. मागचे हँडल नुसते धरायला असते. आमच्या सायकलीला एक सोय जास्त आहे, ती म्हणजे मागच्या चाकाच्या ब्रेकची मूठ मागे बसणाऱ्याच्या हातात येते. उतारावर मी "धरा" म्हणते आणि पती ब्रेक धरतात. हे ठाणे अंमलदार साहेबांच्या लक्षात येईना म्हणून मी दोन खुर्च्या एकामागे एक लावून, बसून दाखवले. त्या वेळी बाकावरचे दोन इसम हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

पती मागे व मी पुढे, अशी आमची पहिल्यापासून पद्धत आहे. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला मागच्या सीटवर बसवणे म्हणजे काय, ते माझे मलाच ठाऊक. "घंटी दे", "गिअर बदल", "तो टेम्पोवाला आत घेणार बघ" असे अखंड चालू असते. टेम्पोवाला खरोखर आत घेतो, हा भाग वेगळा. पण सकाळच्या त्या फेरीपुरते ते पूर्वीसारखे असतात. एरवी दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसतात आणि कोणती बस गेली ते आवाजावरून सांगतात.

ही सायकल सांभाळणे किती जिकिरीचे आहे, ते मी सविस्तर सांगू इच्छिते. ती आम्ही दुसऱ्या गावच्या एका जोडप्याकडून घेतली. पतींच्याच जुन्या डेपोतल्या लोकांनी ती बसच्या टपावर चढवू दिली नाही. नियमात सायकल बसते, शिडी बसत नाही, असे ते म्हणाले. शेवटी एका सोफेवाल्याच्या टेम्पोतून, मागे बाहेर आलेल्या चाकाला लाल फडके बांधून, मी स्वतः ती धरून बसून आणली. घरी आल्यावर कळले की ती जिन्याच्या वळणावर वळत नाही. तेव्हापासून ती तळमजल्याच्या बोळात, जिन्याखाली असते. पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा पदर तिच्यात अडकतो आणि बोलणी मला खावी लागतात. तिला दोन चेन आहेत. त्यातली दोन्ही पायडल जोडणारी चेन सैल पडली की कोणी दुरुस्तीवाला हात लावत नाही. "बाई, ही आगगाडी दुसरीकडे न्या," म्हणतात. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही. तेल, हवा, चेन सगळे मीच बघते. तिची खोळही मीच शिवली आहे.

आज सकाळी मी एका गिऱ्हाइकाकडे पडदे टांगायला गेले होते. जेवायच्या वेळेला परत आले तेव्हा बोळात सायकल नव्हती. खोळ पायरीवर घडी करून ठेवलेली होती. घडी उलटीकडून घातली होती, म्हणजे हात नणंदेचा. वर जाऊन पाहिले तर घरात कोणी नाही आणि पतींची काठी खिळ्याला तशीच. खाली घड्याळवाल्यांना विचारले. ते म्हणाले, "गेले की दोघं. दादा पुढं होते, ताई मागं." मी म्हटले, "उलट सांगताय तुम्ही." ते म्हणाले, "वहिनी, मीही डोळे चोळून बघितलं. दादाच पुढं होते."

त्यानंतर मी थेट ठाण्यात आले व सायकल चोरीची तक्रार सांगितली. साहेब म्हणाले, "नवऱ्यानं घरचीच सायकल नेली, यात चोरी कुठली?" मी म्हटले, "आंधळा माणूस हँडल धरून रस्त्यावर गेलाय, साहेब. चोरी नसेल तर दुसरं काहीही लिहा, पण आधी माणूस पाठवा." हे मला तीनदा सांगावे लागले. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, ते मी नाकारत नाही. मग गाडी पाठवण्यात आली.

घरात काही वाद होता का, असे विचारल्यावरून सांगते की, होता. बागेत सायकली भाड्याने देणारे एक गृहस्थ आज संध्याकाळी ही सायकल विकत घ्यायला येणार आहेत. पतींना ते मान्य नाही. काल रात्रीपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. विकण्याचे कारण मी त्यांना बोळातली जागा असे सांगितले आहे.

खरे कारण तेच का, असे साहेबांनी पुन्हा विचारले. त्याचा तक्रारीशी संबंध नाही, असे मी म्हणाले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणून सांगते की, माझ्या उजव्या हाताची पकड गेली आहे. कात्री धरून धरून मनगटातली शीर दबली आहे, असे डॉक्टर म्हणतात. मागे एकदा इस्पितळाच्या उतारावर माझी बोटे हँडलवरून आपोआप सुटली. पुढचा ब्रेक दाबला गेला नाही. समोर वळण होते. सायकल कशी थांबली ते मला आठवत नाही. पती मागे गुणगुणत होते, त्यांना काही कळले नाही. न दिसणारा माणूस माझ्या हाताच्या भरवशावर मागे बसतो आणि तो हात माझा राहिलेला नाही. याची मला फार भीती वाटते. जागेसाठी विकली म्हटले तर ते माझ्यावर चिडतील. हातासाठी विकली म्हटले तर स्वतःला ओझे समजतील. चिडलेला नवरा सांभाळता येतो. म्हणून मी त्यांना हाताचे सांगितले नाही आणि सांगणारही नाही.

जबाब इथपर्यंत आला असता पती व नणंद यांना गाडीतून आणण्यात आले. सायकल गाडीत मावली नाही, ती एक शिपाई हातात धरून मागून घेऊन आले. पतींचे कोपर सोलवटले होते आणि शर्टाला चुना लागला होता. मी नणंदेला विचारले, "तू बसलीसच कशी मागे?" ती म्हणाली, "वहिनी, मी नाही बसले असते तर दादा एकटा निघाला असता. गल्लीच्या टोकापर्यंतच चालवली गं. मग हातात धरून शाळेच्या मैदानावर नेली. तिथं मी डावं-उजवं सांगत होते."

साहेबांनी पतींना विचारले, "अहो, कशासाठी हा उद्योग?"

पती म्हणाले, "मागून सांगणारं कुणी असलं तर जमतं का ते बघायचं होतं."

"मग, जमलं?"

"भिंत लागेपर्यंत जमलं."

सगळे ठाणे हसले. मी हसले नाही. असला मूर्खपणा मी जन्मात पाहिला नाही, असे मी पतींना सर्वांसमोर म्हणाले व त्यांचे कोपर धुतले.

यापुढे चोरीबाबत माझी तक्रार राहिलेली नाही. जबाब वाचून दाखवताना मधला एक परिच्छेद गाळावा किंवा पतींना बाहेर बसवावे, अशी मी विनंती केली. पती उठले नाहीत. साहेब म्हणाले, जबाब पूर्ण आणि मोठ्यानेच वाचावा लागतो. त्याप्रमाणे वाचण्यात आला. मनगटाचा मजकूर संपला तेव्हा साहेब थांबले. पती म्हणाले, "थांबू नका. हे मला ब्रेकवरून कधीच कळलंय. त्या दिवशी उतारावर ही 'धरा' म्हणालीच नाही. वाचा पुढं."

मग राहिलेले वाचण्यात आले. सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे, त्यात कमी-जास्त नाही. सही डाव्या हाताने केली आहे. कागद सरकत होता, तो पतींनी धरला.