गाडी भरल्याबिगर हलत न्हाई

...तिकडं उन्हात नगा बसवू आईसायबांना, हितं आणा, लिंबाखाली — ही माझीच खुर्ची हाय, बसू द्या. मी दिवसभर उभाच असतो. तर तुमी इचारलंत, परळीहून अंबाजोगाईला कशानं जावं. म्या सांगितलं, येष्टीनं जा. आन् तवापासून तुमी माझ्याकडं असं बघायलात, जसा काय मी तुमाला फसवायलोय. आवो खरंच सांगायलोय. बघा — रेल्वेनं गेलात तर घाटनांदूरला उतरा, तिथून परत दुसरी गाडी धुंडा, कुणी सांगितलेत एवढे उपद्व्याप? रिक्षा केली तर घाटात हाडं खिळखिळी — आईसायबांची न्हाई तर रिक्षाची. राहिली येष्टी. आन् ही जीप? हां, ही बी हाय की. आमचीच हाय. काळी-पिवळीचा नंबर लावायचं काम माझंच, जीपवाल्यांच्या सोसायटीचा नंबरवाला मी, बन्सी म्हणतात मला. आता तुमी म्हणणार, जीपवाल्यांचा माणूस आन् गिऱ्हाईकाला येष्टीकडं कावून धाडायलाय? बराबर हाय तुमचं. तो धुळाजी बघा, स्टेरिंगवर बसून कसा डोळे वटारायलाय — त्याची गाडी नंबरावर हाय ना. वटार बाबा, वटार.

आईसायब कोकणातल्या का? वाटलंच मला. योगेश्वरी तिकडच्या लोकांची कुलदेवी. वैजनाथ झाला, आता देवी. मंग तुमाला ठाऊकच असंल — या दोघांचं लगीन ठरलं होतं. देवीचं वऱ्हाड पार कोकणातून निघालं, अंबाजोगाईला येऊन ठेपलं, हितं परळीत नवरदेव तयार — आन् मुहूर्त टळला. आठ कोस राहिले होते फकस्त. एवढं कोकणातून आले आन् आठ कोसासाठी टळला! वऱ्हाडाचे दगड झाले म्हणतात. मी बुद्धाचा माणूस, माझ्या बापानं छप्पनला देव्हारा उचलून नदीत सोडला, मी कुठल्या देवाला हात जोडत न्हाई — पण ही गोष्ट मला खरी वाटती. का? या रस्त्यावर म्या उशीर बघितलाय म्हणून.

किती शिटं झाली म्हणता? तुमी दोघं धरून सात. अकराला भरती. चार राहिली. येतील — घंटाभर लागंल, दीड बी लागंल. पैल्यावानी गर्दी राहिली न्हाई, आता ज्याच्या-त्याच्या बुडाखाली फटफटी हाय. सात शिटांवर कावून सोडत न्हाई? कायदा हाय सर. गाडी भरल्याबिगर हलत न्हाई. आन् हसू नगा, हा कायदा म्याच आणलाय, भांडून आणलाय. सोसायटीच्या आधी हितं ज्याच्या मनगटात जोर त्याची खेप. मोठ्या घरच्या गाड्या यायच्या, म्होरं लागायच्या, पाच-सहा शिटं घेऊन बी सुटायच्या — आन् आमच्या भीमनगरातल्या दोन गाड्या सकाळपासून उभ्या त्या संध्याकाळपस्तोर उभ्याच. कुणी तकरार करायची? मंग सोसायटी झाली. आप्पा आमचे चेअरमन, ते म्हणले, बन्सीची सवताची गाडी न्हाई, नंबर त्यानंच लावावा. तवापासून नंबर म्हंजी नंबर आन् अकरा म्हंजी अकरा. गाडी कुणाची बी असो, आत कुणी बी बसो. आमच्या पोरांनी पैल्यांदा दुपारच्या भाकरीच्या टायमाला घर बघितलं, सर. तुमाला वाटंल, एवढी काय मोठी गोष्ट — आमाला होती.

येष्टी साडेअकराला हाय. पायरी उंच हाय म्हणता? मी चढवतो की त्यांना, हाताला धरून. गुडघे दुखतात? मंग दोघं मिळून — आवो, आवो, त्या कुठं निघाल्या? गाडीत चढल्या की! धुळाजीनं बोलावलं असणार, लई आतल्या गाठीचा हाय. बरं, बसू द्या. न्हाई — न्हाई सर, तिथं नगा. मागच्या कोपऱ्यात नगा बसवू. पुढं बसवा त्यांना, डायवरच्या बाजूला, माझ्या नदरंसमोर. का म्हंजी? तिथं... वारं लागत न्हाई तिथं. कोंडल्यावानी होतं.

तिथं जाई बसली होती. जाईबाई — माझी बायको. ही गाडी न्हाई, मुंजाजीची होती, पण जागा तीच, मागची, काचंकडची. पाण्यावाचून थर्मल, हितला इजेचा कारखाना, बंद पडलं, त्या साली. तो दुष्काळ तुमी पेपरात वाचला असंल, आमी प्यालाय. नळ पंधरा-पंधरा दिस कोरडा, ट्यांकर दिसला की माणसं हातातलं जेवण सोडून पळायची. आन् थर्मल बंद तर कामगार न्हाई, कामगार न्हाई तर शीट न्हाई. एक गाडी भरायला दोन-दोन तास. अशात एक दिवस जाई सकाळी साडेनऊला हितं आली, हातात पिशवी, पदराचा बोळा करून असा पोटावर दाबलेला. म्हणली, हितला डॉक्टर म्हणायलाय, आजच्या आज अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. म्या काय म्हणावं? "बस," म्हणलं, "मुंजाजीची गाडी नंबरावर हाय." कुठं दुखतंय, किती दुखतंय, कवापासून — काई इचारलं न्हाई. आजच्या आज म्हणला म्हंजी आख्खा दिस पडलाय की, असं माझं डोकं. ती तर काय, अंगावर काढणारी बाई. बाळंतपणाच्या दिवशी बी शेण थापत होती.

तर बसली. थोड्या येळानं काचंतून म्हणली, "किती राहिलेत ओ?" म्हणलं, सहा. मंग परत, "किती राहिलेत?" म्हणलं, पाच. तेवढ्यात येष्टी आली. अर्धी खाली, सर — अर्धी खाली! कंडक्टर रामकिसन, वळखीचा माणूस, दारात उभा राहून म्हणतो, बन्सीभाऊ, वहिनीला दे की इकडं, अर्ध्या-पाऊण तासात पोचवतो. आन् सगळे डायवर माझ्या तोंडाकडं बघायलेत. दिवसभर येष्टीच्या नावानं बोंबलणारा मी, गिऱ्हाईकाच्या पिशव्या ओढून जीपमधी टाकणारा मी — नंबरवाल्याचीच बायको येष्टीनं गेली म्हणले असते. म्या हासलो. म्हणलं, जा बाबा तू, आमाला घरची गाडी हाय. गेली. डोळ्यासमोरून गेली.

तर मंग जीपच कावून सोडली न्हाई? इचारा. समदे इचारतात, तोंडावर न्हाई इचारत एवढंच. आठच दिस आधी मोठ्या घरची गाडी म्या अडवलती. लग्नाची माणसं होती आत, दोन शिटं कमी, निघायलेते तसेच. मी चाकाम्होरं आडवा पडलो. खरंच पडलो, हितं, या मातीत. म्हणलं, मालक तुमी तुमच्या वाड्यात, हितं अकरा म्हंजी अकरा. तासभर खोळंबली माणसं, नवरदेवाचा मामा घामाघूम. आता त्याच तोंडानं कसं म्हणू, माझी बायको हाय, सोडा? सारी सोसायटी बघायलेली. मला वाटलं, आज मी हललो तर उद्या कायदा हलला, आन् परवा आमची पोरं परत संध्याकाळपस्तोर उभी.

तिसऱ्यांदा तिनं इचारलंच न्हाई. आन् मला बरं वाटलं, सर. खोटं कावून बोलू? बरं वाटलं, म्हणलं, कटकट मिटली. काचंला डोकं टेकून गप होती, म्हणलं डोळा लागला. बारा वाजून गेल्यावर अकरावं शीट आलं. म्या पत्र्यावर थाप मारली, जाऊ दे मुंजाजी. तिच्याकडं बघितलं पण न्हाई, मागची गाडी नंबराला लावायची होती.

घाटात ती शेजारच्या बाईच्या खांद्यावर कलंडली. मुंजाजीनं कुठं न थांबता दवाखान्यात नेली, तिथून मला फोन केला. आतमधी फुटलं होतं काईतरी. डॉक्टर म्हणले, दोन तास आधी आणायची. दोन तास. फोन कानाला लावून मी हितंच उभा, आन् नंबरावर गाडी कुणाची? मोठ्या घरचीच. ज्याच्या चाकाम्होरं आडवा पडलो, त्योच मालक. गाडीत एक शीट न्हाई. त्यानं दार उघडलं, म्हणला, बस बन्सी. म्या म्हणलं, भरली न्हाई. तसं म्हणलो मी, सर, तवा बी! त्यानं मला धरून आत घातलं आन् घाट कसा पार केला त्यालाच ठाऊक. मी एकटा, धा जागा खाली. पुढच्या मीटिंगीत ठराव झाला, आजारी माणूस असंल तर गाडी लगीच सोडायची. म्याच मांडला. समद्यांनी हात वर केले. लोक म्हणले, बन्सी इमानाचा माणूस. असं म्हणले, आन् मी घरी येऊन रडलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कळलं, येष्टीनं जा कावून म्हणतो? बारा वर्सं झाली, मी हेच घोळवतोय. येष्टीनं धाडायची होती, तर माझी शान आडवी आली. नंबर मोडायचा होता, तर कायदा आडवा आला. दोनच वाटा होत्या, आन् दोन्हींवर मीच उभा. तिसरी वाट असती तर —

काय म्हणलात? आईसायबांना त्रास नगं म्हणून... राहिलेल्या चार शिटांचं भाडं तुमी देता? चारी शिटांचं?

न्हाई, चालतंय की. कायद्यात बसतंय. अकराचं भाडं आलं की गाडी भरली. नंबर मोडत न्हाई. कुणी बोट दावायचं काम न्हाई...

किती सोपं हाय, ओ.

तुमाला हितं येऊन घंटा झाला न्हाई, सर. मी बत्तीस वर्सं हितं उभा हाय. माझ्या खिशात होते पैसे त्या दिवशी. हितं, शर्टाच्या खिशात. होते.

न्हाई, मला काई बोलू नगा आता. बसा तुमी गाडीत. धुळाजी, भरली रे. जा.