सत्यवतीला यंत्र चालवता येत होते

पुरवणी जबाब
दिनांक : १ डिसेंबर २०२५, सकाळी ११.४०

नाव : तम्मण्णा गुंडू लोकरे
वय : ६७ वर्षे
धंदा : विणकाम (पॉवरलूम)
राहणार : वडगाव, बेळगाव

मी आज पोलीस ठाण्यात आपण होऊन आलो आहे. मला कन्नड बोलता व वाचता येते, पण हा जबाब मी मराठीत, माझ्या हाताने लिहून देत आहे. १८ नोव्हेंबरला हॉस्पिटलमध्ये माझा जो पहिला जबाब घेतला, त्यावर मी न वाचता सही केली होती. त्या दिवशी मला वाचता येत नव्हते. आज येते.

मयत सत्यवती तम्मण्णा लोकरे, वय ६१, ही माझी पत्नी. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. आम्हाला समर्थ हा एकच मुलगा. वय ३६. तो बेंगळूरला कंपनीत नोकरीला असतो. घरी आम्ही दोघेच होतो.

२८ नोव्हेंबर रोजी शवविच्छेदनाच्या कागदासाठी मी येथे आलो तेव्हा समर्थचा १९ तारखेचा जबाब मला दाखवण्यात आला. त्यात असे वाक्य आहे की, 'आई कमी शिकलेली असल्याने तिला घरातील आवाजावर चालणारे यंत्र चालवता आले नाही व त्यामुळे ती वेळेत मदत मागू शकली नाही.' हे वाक्य खोटे आहे. ते रेकॉर्डवर एकटे राहू नये म्हणून मी हा जबाब देत आहे.

माझे दोन माग पूर्वी घरातच, पुढच्या खोलीत होते. माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. सत्यवतीला मला बोलवायचे असेल तर ती स्वयंपाकघरातून माझ्या मागावरचा बल्ब दोनदा बंद-चालू करायची. त्या बल्बचे बटण मीच लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात बसवून घेतले होते. ती माझे नाव घेत नसे. आमच्यात तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. बल्ब लागला की मी माग थांबवून आत जात असे. आत जायला अकरा पावले लागतात.

या वर्षी जुलैमध्ये ती पडली व तिचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. ती वॉकर धरून चालू लागली. तेव्हा समर्थने ठरवले की तिला उठावे लागू नये म्हणून घरात बोलून चालणारे यंत्र बसवायचे. दिवा, पंखा, टीव्ही, पाण्याची मोटर, फोन, सगळे बोलून. ७ सप्टेंबर रोजी रविवारी सूरज नावाच्या माणसाने ते बसवले. त्याचे शहापुरात दुकान आहे. समर्थ त्या दिवशी घरी होता.

सूरजने पहिल्यांदा मागांकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "काका, ह्यो खडखडाट हाय तवर मशीनला काय बी ऐकू येणार न्हाय. माग हलवा." मी म्हणालो की यंत्र हलवा. समर्थ म्हणाला, "आप्पा, आईसाठी करतोय न्हवं? खासबागला शेड मिळतंय, तिकडं न्या." आठ दिवसांत माग खासबागला गेले. घरापासून दीड किलोमीटर. स्वयंपाकघरातील बल्बचे बटण सूरजने काढले व त्या जागी कोरी पट्टी बसवली.

फोनसाठी यंत्रात दोनच नावे घातली होती. एक 'समर्थ' व दुसरे 'तम्मण्णा लोकरे'. माझे नाव सूरजने फॉर्मवरून उतरवले. सत्यवतीने लगेच सांगितले की मला ते नाव घेता येणार नाही, तिथे 'मालक' घाला. सूरज हसला. तो म्हणाला, "मावशी, मशीनपुढं कसली लाज? एक झकास उखाणा घ्या, मी व्हिडिओ काढतो." समर्थही हसला. सत्यवती पदर तोंडाला लावून म्हणाली, "न्हाय रं बाबा. मशीन झालं म्हणून काय झालं, ऐकतंय न्हवं ते?" त्यावर सूरज म्हणाला, "मग पडला बिडला तर काय मंगळसूत्र दाखवून बोलवणार व्हय?" हा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ सूरजने आपल्या दुकानाच्या जाहिरातीसाठी मोबाईलवर लावला. गल्लीत सर्वांनी पाहिला. त्यानंतर चार दिवस सत्यवती दारात बसली नाही.

दिवा, पंखा, टीव्ही, मोटर हे सर्व ती तिसऱ्या दिवसापासून स्वतः चालवत होती. ती खानापूर तालुक्यातील शाळेत सातवी शिकली होती व रोज पेपर वाचत होती. मला ते यंत्र आजही चालवता येत नाही. मी बोललो की ते गप्प बसते. ती मला म्हणायची, "जरा मोठ्यानं बोला की हो, तुमचं मलाच ऐकू येत न्हाय, त्याला कुठलं येतंय?"

नाव बदलण्यासाठी मी सूरजच्या दुकानात दोनदा गेलो. २२ सप्टेंबर रोजी तो म्हणाला की आधार कार्डावरचेच नाव लागते. ९ ऑक्टोबर रोजी दुकानात तीन गिऱ्हाईके होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "काका, मावशींची प्रॅक्टिस घ्या. रोज सकाळी धा येळा तम्मण्णा, तम्मण्णा." गिऱ्हाईके हसली. मी घरी आलो. समर्थला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "बघतो आप्पा." त्याने बघितले नाही. यंत्रातले नाव बदलायला एक मिनिटही लागत नाही व आधार कार्डाचा काही संबंध नाही, हे मला २१ नोव्हेंबरला मंगलने करून दाखवले. मंगल ही माझ्या पुतण्याची बायको. वय ३४. आमच्या शेजारच्या घरात राहते व एका पतसंस्थेत काम करते. समर्थने यंत्र बसवताना तिच्या मोबाईलवरही ते जोडून दिले होते. मी तिला नाव बदलून दे असे आधी का सांगितले नाही, असे पीएसआय साहेबांनी विचारले. मला वाटले ते फक्त सूरजलाच करता येते. त्याने तसे सांगितले होते.

१८ नोव्हेंबर रोजी मंगळवारी मी सकाळी साडेआठ वाजता जेवणाचा डबा न घेता खासबागला गेलो. दुपारी दीडला जेवायला घरी येणार होतो. मंगल व पुतण्या कामावर होते. दुपारी १.३५ वाजता मी घरी आलो तेव्हा सत्यवती पलंग व न्हाणीघर यांच्यामध्ये जमिनीवर पडलेली होती. वॉकर तिच्या पायाकडे आडवा होता. डोक्याला मागून मार होता. अंग गार होते. टीव्ही चालू होता. तिचा छोटा मोबाईल स्वयंपाकघरातील फळीवर होता. समर्थने तो आता लागणार नाही म्हणून तिथे ठेवायला सांगितले होते. मंगलचे घर बंद होते व बाकीच्या शेजारच्या घरांत माग चालू होते. ती ओरडली असेल तर कोणाला ऐकू जाणे शक्य नव्हते.

डॉक्टरांनी मला सांगितले की डोक्यात आत रक्तस्राव झाला, तो हळूहळू झाला, व तासाभरात आणले असते तर प्रयत्न करता आले असते.

यंत्राला जे सांगितले जाते त्याची नोंद वेळेसह मोबाईलमध्ये राहते व सांगणाऱ्याचा आवाजही राहतो. हे मला माहीत नव्हते. २१ नोव्हेंबर रोजी सायंकाळी मंगल माझ्याकडे येऊन म्हणाली, "मामंजी, आक्कांचा आवाज हाय माझ्याकडं. ऐकणार काय?" मी ऐकला. तो सर्व आवाज तिने पेनड्राइव्हमध्ये घालून दिला आहे. पेनड्राइव्ह मी जबाबासोबत जमा करत आहे. त्यात १८ नोव्हेंबरचे पुढीलप्रमाणे आहे.

सकाळी ११.०४ वाजता सत्यवती म्हणते, "ह्यांना फोन लाव." यंत्र म्हणते की असे नाव सापडले नाही. ११.०५ ला ती म्हणते, "मालकांना फोन लाव." यंत्र तेच उत्तर देते. ११.०७ ला ती म्हणते, "समर्थच्या आप्पांना लाव." यंत्र विचारते, समर्थ यांना फोन लावू का? ती म्हणते, "नको, त्यो कामात आसंल. त्येच्या आप्पांना." यंत्र म्हणते, ठीक आहे, रद्द केले.

११.१० ला ती म्हणते, "खासबागला लाव, मागाच्या शेडात." यंत्र तिला खासबागचे हवामान सांगते. आज आकाश निरभ्र राहील, असे सांगते.

११.१४ ला ती म्हणते, "समर्थला फोन लाव." फोन लागतो. कॉल स्वीकारला नाही असे यंत्र सांगते. ११.१९ ला ती पुन्हा समर्थला फोन लावायला सांगते. कॉल स्वीकारला नाही असे यंत्र पुन्हा सांगते. या वेळी तिचा आवाज बारीक आहे.

११.३१ ला ती म्हणते, "तम्मण्णा लोकरे." यंत्र विचारते, तम्मण्णा लोकरे यांना फोन लावू का? ती म्हणते, "व्हय."

माझ्या मोबाईलवर ११.३१ ला फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. दोन्ही माग चालू होते. मी फोन घेतला व तीन वेळा हॅलो म्हणालो. पलीकडून मला काही ऐकू आले नाही. मला वाटले कर्ज देणाऱ्यांचा असेल. मी बंद केला. मोबाईलमध्ये तो फोन ३८ सेकंदांचा दिसतो. त्या ३८ सेकंदांत ती काय बोलली याची नोंद यंत्रात राहत नाही, असे मंगल सांगते. मी माग थांबवून बाहेर जाऊन फोन घेतला असता तर ऐकू आले असते. मी तसे केले नाही. मी मागावरची सुताची कांडी बदलली व काम पुढे चालू ठेवले. हे मी माझ्या पहिल्या जबाबात सांगितले नव्हते, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हते.

त्यानंतर तिच्या आवाजाची नोंद नाही. १२.३० ला टीव्ही आपोआप चालू झाला. १ वाजता यंत्राने गोळी घेण्याची आठवण केली. १.०५ ला पुन्हा केली.

२२ नोव्हेंबर रोजी समर्थने मंगलला फोन केला. मी समोर बसलो होतो. फोन स्पीकरवर होता, हे त्याला माहीत नव्हते. तो म्हणाला, "वैनी, त्या ॲपमधली हिस्टरी तेवढी काढून टाका. आप्पांनी ऐकलं तर त्यांना त्रास होईल." मंगलने विचारले, "तुम्ही ऐकलासा काय?" त्याने फोन ठेवला. मंगलने काही काढून टाकले नाही.

तेराव्यापर्यंत मी समर्थला काही विचारले नाही. घरात पाहुणे होते. तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की आईला मशीन जमलेच नाही, मी तिच्यासाठी एवढे केले पण तिला जमले नाही. लोक माना हलवत होते. सूरजही दहाव्या दिवशी भेटायला आला व म्हणाला, "जुन्या माणसांना टेक्नॉलॉजी जड जातीया." मी त्याला चहा घेऊ दिला नाही. हात धरून दाराबाहेर काढले. याबद्दल त्याची तक्रार असेल तर ती घ्यावी. मी नाकारत नाही.

माझे म्हणणे असे की सत्यवतीने यंत्र बरोबर चालवले. सत्तावीस मिनिटांत सात वेळा चालवले. डोक्याला मार लागलेला असताना चालवले. जे नाव तिने बेचाळीस वर्षे घेतले नाही तेही घेतले. तिच्याकडून करायचे काही राहिले नाही. जे राहिले ते सूरजकडून, समर्थकडून व माझ्याकडून राहिले. तिच्या नावापुढे 'चालवता आले नाही' असे सरकारी कागदावर लिहिलेले मी चालू देणार नाही.

दुसऱ्याच्या जबाबातील वाक्य खोडता येत नाही, असे पीएसआय साहेबांनी सांगितले. त्याच्यासोबत हा जबाब लावता येतो, असे सांगितले. मुलाविरुद्ध तक्रार आहे काय, असेही विचारले. मी वेळा लिहून दिल्या आहेत. सूरजविरुद्ध तक्रार आहे. नाव बदलण्यास नकार देऊन खोटे कारण सांगितल्याबद्दल व माझ्या पत्नीचा व्हिडिओ तिच्या इच्छेविरुद्ध लोकांना दाखवल्याबद्दल. तो व्हिडिओ आज सकाळपर्यंत लावलेला होता.

समर्थ मला घेऊन जाण्यासाठी आला असून बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत बोलवावे व हा जबाब त्याच्यासमोर वाचला जावा, अशी मी विनंती केली. साहेबांनी त्याला आत बोलावले.

हा जबाब पहिल्या ओळीपासून वरील ओळीपर्यंत मी स्वतः उभा राहून मोठ्याने वाचला. पीएसआय साहेब, माझ्यासोबत आलेली मंगल व समर्थ यांनी ऐकला. मी लिहिले तसेच घडले आहे. वाचून झाल्यावर समर्थने एक दुरुस्ती सांगितली. त्याने स्वतःचा मोबाईल काढून पाहिला व सांगितले की दुसरा फोन त्याने ११.१९ ला नव्हे, ११.२१ ला बंद केला. दोन मिनिटे वाजत होता. मध्ये एकदा आपोआप पुन्हा लागला होता. ही दुरुस्ती त्याच्या सांगण्यावरून येथे लिहिली असून तेवढ्यापुरती त्याची सही खाली घेतली आहे.

सही/-
तम्मण्णा गुंडू लोकरे

दुरुस्तीपुरती सही/-
समर्थ तम्मण्णा लोकरे