कमलमावशीचा प्रश्न अजून उभाच आहे

मंडळी, मागच्यांनी जरा पुढं सरका. सतरंजीवर जागा आहे.

मला बोलता येत नाही. उगाच म्हणत नाही, खरंच येत नाही. नववीत शाळा सुटली. मग सुरत, मग हैदराबाद, आता मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात भट्टीपाशी असतो. तिथं इतका आवाज की माणसं हातवाऱ्यांवरच काम भागवतात. त्यात जिच्याबद्दल बोलायचं ती माझी सख्खी मावशी. तिच्या फोटोला घातलेला हार मला बघवत नाही. तिला झेंडूनं शिंका यायच्या.

पण मी बोलणार आहे. कारण आत्तापर्यंत जे जे उठले ते सगळे म्हणाले, कमलताई शांत होत्या, सोशिक होत्या, कोणाला उलटून बोलल्या नाहीत.

मंडळी, तुम्ही कोणाबद्दल बोलून राह्यले?

माझी मावशी शांत नव्हती. सोशिक तर अजिबात नव्हती. आपल्या शेतकरी कंपनीच्या सभेत ती उभी राहायची आणि उत्तर मिळाल्याशिवाय बसायची नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. इथल्या अर्ध्या लोकांनी तिला "बस ना वं बाई" म्हटलंय. मग आज ती सोशिक कशी झाली? मेल्यावर?

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. इथल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. ज्यानं त्यानं शेअर घेतले. डोणगाव रस्त्याला कंपनीची डाळ मिल आहे. वर्षातून एकदा सगळ्या भागधारकांची सभा होते. ती कशी होते, तेही सांगतो. अध्यक्ष माइकवर वाचतात, "विषय क्रमांक दोन, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक. मंजूर?" लोक म्हणतात, मंजूर, मंजूर. जे गप्प बसतात ते पण मंजूरच धरतात. कारण मांडवामागून वरण-बट्टीचा वास येत असतो आणि सगळ्यांचं ध्यान तिकडं असतं.

अशा सभेत पहिल्यांदा मावशी उठली तेव्हा मी सुट्टीवर आलो होतो. मागं उभा होतो. ती अहवालाचं पान धरून म्हणाली, "भाऊ, हे भागभांडवल म्हंजे आमचेच पैसे ना?"

अध्यक्ष दिनकरभाऊ म्हणाले, "हाव ताई."

"मंग ते देण्याच्या बाजूले काऊन लिहिलं? बँकेच्या कर्जाच्या रांगेत? आमच्या नावावर कर्ज काढलं का काय तुम्ही?"

काय हसले लोक! दिनकरभाऊ म्हणाले, "ताई, ते तसंच असते."

"तसंच म्हंजे कसं?"

मागून एक जण ओरडला, "मावशे, बट्ट्या थंड होऊन राह्यल्या!"

मावशीनं मान न वळवता सांगितलं, "तुपात बुडवून खाय मंग."

आणि ती उभी राहिली. पदर खोचलेला, कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, नजर समोर. एक शब्द बोलली नाही. बसली पण नाही. शेवटी मेहकरहून आलेल्या ऑडिटच्या मॅडम उठल्या. म्हणाल्या, "त्या विचारतात ते बरोबर आहे. कर्ज नाही काढलेलं. पण कंपनी वेगळी आणि तुम्ही वेगळे. तुम्ही कंपनीला पैसे दिले, म्हणून कंपनीच्या हिशोबात ते देणं. तुम्हाला द्यायचं देणं."

तेव्हा मावशी बसली. घरी येताना मला म्हणते, "गजू, पाह्यलं का? कंपनी आपली देणेकरी आहे."

मी म्हटलं, "मंग मागून घे ना."

"तसं नाही मागता येत, बावळ्या. बँकेचं, मजुराचं, सगळ्यांचं देऊन जे उरलं ते आपलं. आपण मालक. लग्नघरात मालक कधी जेवते? शेवटीच ना?"

तिथून आमची शाळा सुरू झाली. मी मोरबीला, ती इथं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. तब्येत कशी, पगार झाला का, हे नाही. "गजू, चालू देणी म्हंजे काय? पाय तुया मोबाईलमधी." मला काय घंटा माहीत होतं? पण मी बघायचो. व्हिडिओ लावायचो, एका कानात भट्टीचा आवाज, दुसऱ्या कानात कोणीतरी शहरातला माणूस बोलतोय. मग मी तिला उलटंपालटं सांगायचो आणि ती ते सरळ करून मला परत सांगायची, "म्हंजे जे वर्षाच्या आत फेडा लागते ते."

एकदा म्हणाली, "कागदावर नफा दिसते, बँकेत तर खडखडाट आहे. कोण खाल्ला?" आम्ही दोघांनी शोधलं. कोणी खाल्ला नव्हता. डाळ उधारीवर गेली होती. विकली त्याच दिवशी नफ्यात धरली, पैसा आला नव्हता. त्याला येणी म्हणतात. मावशी म्हणाली, "म्हंजे डाळ गेली, नफा लिहिला, अन् पैसा अजून रस्त्यातच आहे. मंग रस्त्यात कुठं अडकला, ते इचारायले पायजे."

ती चुकायची पण. चुकायची नाही असं म्हणून मी तिला देव्हाऱ्यात बसवणार नाही. राखीव निधी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा ती थेट कंपनीच्या ऑफिसात गेली होती. म्हणाली, "राखीव ठेवला आहे ना? मंग दाखवा. पेटी कुठं आहे?" दिनकरभाऊंनी कपाट उघडून दाखवलं. आत जुने बारदाने आणि एक बंद पडलेला पंखा. मग कोणीतरी तिला समजावलं की तो निधी पेटीत नसतो, मागचा नफा न वाटता कंपनीतच ठेवला, त्यातून मिलचे पत्रे झाले, माल भरला. हा किस्सा ती स्वतःच हसत हसत सांगायची. चुकायला ती भीत नव्हती. न समजता हात वर करायला भीत होती.

आता मी यंदाच्या गोष्टीवर येतो. इथं काही जणांची चुळबूळ सुरू झाली आहे. होऊ द्या.

यंदाच्या अहवालात तोटा आहे. आणि पुढच्या सोमवारच्या सभेत विषय आहे की मिल तोट्यात चालते म्हणून ती बाहेरच्या एका व्यापाऱ्याला लांब मुदतीनं चालवायला देऊन टाकावी. मावशीनं अहवाल वाचला आणि मला फोन केला. तो तिचा शेवटचा फोन.

"गजू, याच्यात घसारा किती मोठा आहे, पाय."

मी म्हटलं, "घसारा म्हंजे ते झिजणं ना?"

"हाव. आपला फवारणीचा पंप नाही का? आणला त्या वर्षी एकदम पैसा गेला. पण पंप तर किती हंगाम चालला. म्हणून त्याची किंमत वर्षावर्षाले थोडी थोडी खर्चात धरायची. मिलचंही तसंच. यंदा घसाऱ्यापायी खिशातून कोणाले रुपाया गेला नाही, तरी खर्च लिहिला आहे."

"मंग तोटा खोटाच म्हण ना."

"खोटा नाही रे! मशीन झिजतेच. एक दिवस नवी घ्या लागन. पण घसारा बाजूले ठेवून सांगा ना, मिल कमावते का गमावते? कमावत असंन तर देऊन काऊन टाकता? गमावत असंन तर मी पह्यली हात वर करतो, देऊन टाका म्हणतो. मी हे सभेत इचारणार आहे."

एवढंच. त्यानंतर ती वावरात गेली आणि बांधावर बसली ती उठली नाही. दवाखान्यापर्यंत पण पोचली नाही. मी मोरबीहून निघालो, गाड्या बदलत आलो तेव्हा सगळं झालं होतं. उत्तमकाका, म्हणजे तिचे यजमान, ओट्यावर बसले होते. ते इथंच बसलेत, त्यांच्याकडं बघू नका असं टक लावून.

आणि मंडळी, घरात अजून दिवा होता, तेव्हाच दिनकरभाऊ कागद घेऊन आले. मावशीचे शेअर कंपनीला परत करायचा अर्ज. म्हणाले, "काका, सही करा. तुम्हाले कशाले हे झंझट? शेअरचे पैसे घ्या अन् मोकळे व्हा."

दिनकरभाऊ, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून तोंडावर बोलतो. तुम्ही चोर नाही. मावशीही कधी तुम्हाला चोर म्हणाली नाही. तुम्ही पदरचं पेट्रोल जाळून कंपनीसाठी मेहकर-बुलढाणा करता, ते आम्हाला दिसतं. पण तोटा हा शब्द पाहून तुम्ही घाबरलात. आणि घाबरलेल्या माणसाला उभी राहणारी बाई नको असते. सभेच्या आधी एक प्रश्न कमी होईल, असं तुम्हाला वाटलं. वाटलं ना?

होणार नाही.

काकांनी आयुष्यात सभेत तोंड उघडलेलं नाही. पण त्यांनी तो कागद घडी घालून दिनकरभाऊंच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही. पण तिनं इचारलं त्याचं उत्तर अजून आलं नाही. उत्तर आल्याबिगर मी तिचा शेअर कसा परत करू?" काका शेती करतात, वारस आहेत, शेअर त्यांच्या नावावर होतात. सोमवारी ते सभेत येतील.

मी सभासद नाही. माझ्या नावावर एक वाफा जमीन नाही. सोमवारी मी उठलो तर मला खाली बसवाल आणि ते नियमानं बरोबर असेल. पण आज इथं विषयपत्रिका नाही. बट्ट्या नाहीत. सगळे भागधारक बसलेले आहेत, अध्यक्ष बसलेले आहेत. म्हणून तिचा प्रश्न मी आज मांडून जातो. घसारा बाजूला ठेवून आपली मिल कमावते की गमावते? रस्त्यात अडकलेला पैसा कोणाकडं अडकलाय? एवढं सांगा. मग मंजूर म्हणा, नामंजूर म्हणा. समजून म्हणा.

कोणी म्हणेल, शोकसभेत हे बोलायचं असतं का? मग कुठं बोलायचं? तुम्हाला रडणारा भाचा पाहिजे होता. मी रडून घेतलंय, गाडीत, उभ्यानं.

आता श्रद्धांजलीसाठी उठून गप्प उभं राहायची पद्धत आहे. आपण राहू. पण एक विनंती आहे. आपल्या कंपनीत गप्प राहिलं की मंजूर धरतात. आजचं तसं धरू नका. मावशी प्रश्न विचारून झाल्यावर जशी गप्प उभी राहायची, समोर बघत, तसे उभे राहा. बायांनो, तुम्ही पण उठा. काका, माझा हात धरा.

उठा मंडळी.

आणि दिनकरभाऊ, आम्ही कधी बसायचं ते तुम्ही सांगा.