हाड डाव्या टाचेत

सासू : ...आणि हे वाढलेलं हाड कापूनच टाका. आज शुक्रवार. सोमवारपासून ही सून पुन्हा नोकरीवर जाणार, बाळ माझ्याकडे. तोवर मला चालती करा.

डॉक्टर : काकू, आधी मला दोन्ही टाचांचा एक्स-रे तर बघू द्या.

सासू : बघायचंय काय त्यात? कोंबड्याच्या नखासारखं आलंय. मला इथून दिसतंय.

सून : आई, त्यांना बोलू द्या ना.

सासू : मी कुठं त्यांचं तोंड धरलंय?

डॉक्टर : सकाळी पहिलं पाऊल टाकताना खिळा घुसल्यासारखं होतं?

सासू : खिळा कसला, अख्खी पेटी. दहा पावलं भिंत धरून जाते, मग जरा सैल पडतं. बसून उठलं की पुन्हा तेच.

सून : आणि मला म्हणायच्या, भिंतीवरची धूळ बघतेय.

सासू : होतीच धूळ.

डॉक्टर : किती दिवस झाले?

सासू : आठवडा.

सून : आज सकाळी बाळाच्या मागे रांगत होत्या. मला वाटलं, खेळताहेत.

सासू : खेळतच होते. हरले.

डॉक्टर : घरात पायात काय घालता?

सासू : काही नाही. चप्पल वाजली की लबाड डोळे उघडतो. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्याशिवाय झोपत नाही, आणि थांबलं की उठतो.

डॉक्टर : म्हणजे कडक फरशीवर, अनवाणी. दिवसाकाठी किती वेळ?

सासू : दोन-तीन तास. वर त्याचे नऊ किलो.

सून : आणि तुमचे?

सासू : माझ्या वजनाची चौकशी करायला आलोय का आपण?

डॉक्टर : तीही करायचीय. पण आधी सांगा, दुखतो कुठला पाय?

सासू : उजवा.

डॉक्टर : हाड वाढलंय ते डाव्या टाचेत.

(सासू पुढं वाकून एक्स-रे बघते.)

सासू : फोटो उलटा धरलाय तुम्ही.

डॉक्टर : नाही, कोपऱ्यात खूण आहे. डावा दुखत नाही ना?

सासू : त्याला काय धाड भरलीय.

डॉक्टर : तेच म्हणतेय. असं हाड पुष्कळांना असतं, त्यांना पत्ताही नसतो. तुमचा दुखावलाय तो तळव्याचा पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंत जातो तो. ताण पडून पडून टाचेपाशी बिथरलाय. कापण्यासारखं काही नाही.

सासू : म्हणजे तीन महिने त्या हाडाला उगाच शिव्या घातल्या.

सून : आठवडा म्हणाला होतात.

डॉक्टर : घरातही मऊ तळाची चप्पल घाला. अंथरुणातून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं आपल्याकडे ओढून धरायची. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. गोळ्या थोडेच दिवस. आणि फेऱ्या बंद.

सासू : सोमवारपर्यंत उतरेल?

डॉक्टर : काही महिने धरा. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, पण घाई चालत नाही.

सून : मग मी आजच ऑफिसला कळवते. येत नाही म्हणून.

सासू : काही कळवू नकोस. माझ्या त्या दिवट्या लेकाच्या दोन टाचा काय कपाटात जपून ठेवायच्यात? सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या त्याच्या.

सून : आणि दुपारी?

सासू : दुपारी मी खुर्चीत बसेन, पोरगं मांडीवर.

सून : खूप रडेल हो, आई.

सासू : रडू दे. मीही रडेन बरोबर, तेवढाच वेळ जाईल.

सून : नोकरी काय, पुन्हा मिळेल.

सासू : नाही मिळत. टेलिफोनच्या ऑफिसात होते मी. तुझ्या नवऱ्याच्या वेळी सोडली, पुन्हा मिळेल म्हणून.

सून : हे कधी बोलला नाहीत. तेव्हा घरात बाळाला घ्यायला कुणी नव्हतं?

सासू : सहा माणसं होती. सगळ्यांच्या टाचा ठणठणीत होत्या.