मामांचं 'हौ'

आम्हा हैदराबादी मराठी लोकांच्या तोंडी 'हो' येतच नाही बघ, 'हौ' येतं. आमच्या दिलसुखनगरच्या मामांनी जर्मनीहून मिरची कांडायचं मशीन मागवलं, ते आल्या दिवसापासून बंद. कंपनी म्हणे, आम्ही ठणठणीत पाठवलं होतं. परदेशी व्यापाराचे असले तंटे कोर्टात पडून राहू नयेत म्हणून आता आपल्याकडे लवाद केंद्र निघालंय ना, तिथं सुनावणी लागली. दारातच मी बजावलं, "मामा, आत सगळं इंग्रजीत चालतं. 'हौ' नको, 'येस' म्हणा."

कंपनीच्या गोऱ्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, "पाठवण्याआधी आम्ही मशीन चालवून बघितलं, हे तुम्हाला माहीत होतं?"

मामा म्हणाले, "हौ."

त्याला ऐकू आलं 'हाऊ', म्हणजे कसं चालवलं? तो ऐटीत सांगायला लागला, "तीनदा चालवलं. दोनदा बंद पडलं, पण तिसऱ्यांदा चाललं."

निवाडा देणाऱ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे लिहून घ्या." मी रुमाल तोंडात कोंबला.

बाहेर आल्यावर म्हटलं, "मामा, मी 'येस' म्हणायला सांगितलं होतं."

"येस म्हटलं असतं तर तो एवढा बोलला असता का रे?"